चुंबकप्रक्रियित पाणी आणि गोड्या पाण्यातील मत्स्यशेती : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कृष्णा नदी महाबळेश्वर येथे उगम पावून वाई, संगम माहुली व कराड या मार्गाने सांगली जिल्ह्यात प्रवेश करते. माहुलीजवळ वेण्णा, कराड येथे कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा आणि हरिपूर येथे वारणा या नद्या तिला मिळतात. सातारा व सांगली हे जिल्हे आज प्रशासकीयदृष्ट्या वेगळे असले तरी १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन होईपर्यंत त्यांचा बराचसा भाग एकाच जिल्ह्याच्या इतिहासाशी निगडित होता. दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या परिसरातील पाणी, शेती व मासेमारी यांचा विचार दोन्ही जिल्हे एकत्र धरूनच करणे इष्ट ठरते.

गेल्या काही दशकांत चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहू दिल्यास त्याचे गुणधर्म बदलतात व असे पाणी पिके, जनावरे आणि मासे यांना हितकारक ठरते, असा विचार जगभर मांडला गेला. पाण्याच्या नळीवर बसवावयाची चुंबकीय उपकरणेही बाजारात आली. शेततळ्यात मासे सोडणाऱ्या शेतकऱ्यापुढे आज खाद्य, मत्स्यबीज व वीज यांच्या खर्चाबरोबर अशा उपकरणाच्या खर्चाचाही पर्याय उभा राहतो. म्हणून या कल्पनेचा इतिहास तपासणे हा केवळ बौद्धिक कुतूहलाचा विषय राहत नाही. एका हंगामाचे भांडवल कोठे गुंतवावे, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) सातारा व सांगली परिसरातील गोड्या पाण्यातील मासेमारीचे मत्स्यशेतीत झालेले रूपांतर समजून घेणे.
२) पाण्यावरील चुंबकीय प्रक्रियेच्या कल्पनेचा उगम व प्रवास तपासणे.
३) प्रेरित प्रजनन व चुंबकीय प्रक्रिया या विसाव्या शतकाच्या मध्यावर पुढे आलेल्या दोन तंत्रांची तुलना करून एखादे तंत्र तळ्यापर्यंत का पोहोचते व दुसरे का रेंगाळते, याची कारणमीमांसा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी दुय्यम साधनांवर आधारित आहे.

१. कृष्णा खोऱ्यातील मासेमारीची पूर्वपीठिका

दख्खनमधील गोड्या पाण्यातील माशांचा पहिला पद्धतशीर शास्त्रीय अभ्यास विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केला. मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून काम करताना त्याने मासे जमवून त्यांची वर्णने लिहिली व ती १८३९ ते १८४१ या काळात लंडन येथे प्रसिद्ध झाली. साइक्सने अनेक माशांना स्थानिक बोलीतील नावेच शास्त्रीय जातिनाम म्हणून दिली. दख्खनी महासीर माशाचे ‘खुद्री’ आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यांत आढळणाऱ्या एका वैशिष्ट्यपूर्ण माशाचे ‘नुक्ता’ ही जातिनामे त्याची साक्ष देतात. ही नावे त्याला मासे धरणाऱ्या समाजाकडूनच मिळाली असणार, हे उघड आहे. म्हणजेच या विषयातील लिखित ज्ञानाचा पाया स्थानिक ज्ञानावर उभा राहिला.

या परिसरातील नदीकाठच्या भोई समाजाकडे मासेमारीचा परंपरागत व्यवसाय होता. पाग, गळ व अन्य जाळी ही त्यांची साधने होती. ही मासेमारी सर्वस्वी निसर्गावर अवलंबून असे. पावसाळ्यात नदीला पूर आला की मासे प्रवाहाविरुद्ध चढत, अंडी घालत आणि पाणी ओसरल्यावर डोहांत स्थिरावत. मासा धरणे हा व्यवसाय होता. मासा वाढविणे ही कल्पना या व्यवहारात नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बदल घडले. पहिला बदल पाण्याचा होता. खोडशी येथील बंधारा व कृष्णा कालवा, तसेच नेर, मायणी व राजेवाडी येथील तलाव यांमुळे दुष्काळी टापूत स्थिर पाण्याचे साठे निर्माण झाले. दुसरा बदल कायद्याचा होता. फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी यांविषयी अहवाल सादर केला. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली. मासा ही जपावयाची संपत्ती आहे, ही जाणीव राज्यव्यवहारात येथून दिसू लागते.

२. धरणे, मत्स्यबीज आणि १९५७ चा टप्पा

स्वातंत्र्योत्तर काळात कृष्णा खोऱ्याचे जलचित्र पालटले. १९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले व शिवाजीसागर जलाशय अस्तित्वात आला. कोयना धरणाची आजची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. त्यानंतरच्या दशकांत धोम (१३.५० टीएमसी), कण्हेर (१०.१० टीएमसी), वारणा (३४.४० टीएमसी) इत्यादी धरणे उभी राहिली. विस्तीर्ण जलाशय मिळाले, परंतु माशांचे वर येण्याचे मार्ग धरणांनी अडविले. शिवाय कटला, रोहू व मृगळ हे वेगाने वाढणारे मासे वाहत्या पावसाळी पाण्यातच अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते स्वाभाविकपणे प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे जलाशय असो वा गावतळे, त्यात दरवर्षी बाहेरून मत्स्यबीज सोडणे अपरिहार्य झाले.

त्या काळापर्यंत या माशांचे बीज मुख्यतः उत्तर व पूर्व भारतातील नद्यांमधून गोळा केले जाई. नदीतून मिळणाऱ्या जिऱ्यात इतर माशांची भेसळ असे आणि लांबच्या प्रवासात बरीच मरतूक होई. हा अडसर १० जुलै १९५७ रोजी दूर झाला. ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. हाच दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

हे यश एकाएकी आलेले नव्हते. अर्जेंटिनातील बर्नार्डो हौसे यांनी १९३० च्या सुमारास पीयूषिका ग्रंथीचे माशांवरील परिणाम तपासले होते. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात त्या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग सुरू झाला. भारतात हमीद खान यांनी १९३८ मध्ये मृगळ माशावर प्रयत्न केला. १९५५ मध्ये चौधुरी यांनी एका लहान माशावर यश मिळविले आणि त्यानंतर दोन वर्षांनी कार्प माशांवर. या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या प्रवासात अपयशही नोंदले गेले, मात्रा बदलल्या गेल्या आणि प्रयोग पुन्हा पुन्हा झाले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बीजाचा प्रश्न सुटल्यावर पुढील पायऱ्या क्रमाने आल्या. चंदेरी कार्प व गवत्या कार्प हे मासे १९५९ मध्ये देशात आले. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न घेतो. हे ध्यानात घेऊन एकाच तळ्यात अनेक जाती वाढविण्याची संमिश्र मत्स्यशेती १९७० च्या दशकात रुजविण्यात आली. त्याच दशकात मत्स्यशेतकरी विकास यंत्रणांची योजना सुरू झाली. आपल्या नद्यांतील महासीरचेही कृत्रिम प्रजनन लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांच्या प्रयत्नांतून साधले. अशा रीतीने मासा धरणाऱ्या समाजाच्या शेजारी मासा वाढविणारा शेतकरी उभा राहिला, आणि ‘जिरे’, ‘बोटुकली’ हे शब्द ग्रामीण व्यवहारात आले.

३. चुंबकीय प्रक्रियेची कल्पना : उगम व प्रवास

पाणी व चुंबक यांच्या संबंधाचा शास्त्रीय इतिहास मायकेल फॅरडे यांच्यापासून सुरू होतो. लोखंडाप्रमाणे न आकर्षिले जाता चुंबकापासून अत्यंत क्षीणपणे दूर ढकलले जाणारे पदार्थही असतात, हे त्यांनी १८४५ मध्ये दाखविले. पाणी याच वर्गात मोडते. हा परिणाम किती क्षीण आहे, याची कल्पना १९९७ मधील एका प्रसिद्ध प्रयोगावरून येते. नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत बेडूक चुंबकीय क्षेत्रात अधांतरी तरंगत ठेवला. त्यासाठी सुमारे १६ टेस्ला इतके प्रचंड क्षेत्र लागले. नळीवर बसवावयाच्या साध्या चुंबकाचे क्षेत्र सामान्यतः एका टेस्लाच्या काही दशांशाइतके असते.

व्यवहारातील चुंबकीय प्रक्रिया मात्र शेतीतून वा मत्स्यव्यवसायातून आलेली नाही. तिचा जन्म बाष्पकाच्या नळ्यांत झाला. कठीण पाणी तापविले की कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण थर नळ्यांच्या आत साचतो. हा थर रोखण्यासाठी बेल्जियममधील टी. व्हर्मायरेन यांनी १९४५ मध्ये चुंबकीय उपकरणाचे पेटंट घेतले. पुढे सोव्हिएत संघात या विषयावर विपुल काम झाले, व्ही. आय. क्लासेन यांचे लेखन त्यात विशेष उल्लेखनीय आहे. क्षारांच्या थरापासून सुरू झालेला हा विचार काँक्रीट, सिंचन व पशुपालन अशा अनेक क्षेत्रांत पसरला. भारतात तो चुंबकचिकित्सेच्या वाटेनेही आला. चुंबकावर ठेवलेल्या बाटलीतील पाणी औषध म्हणून पिण्याची प्रथा अनेक मराठी घरांना परिचित होती.

मूळ प्रश्नावर, म्हणजे क्षारांच्या थरावर, काही गंभीर संशोधन उपलब्ध आहे. जे. एस. बेकर व एस. जे. जड यांनी १९९६ मध्ये तोपर्यंतच्या प्रयोगांचा आढावा घेतला. डब्लिन येथील जे. एम. डी. कोई व स्टीफन कॅस यांनी २००० मध्ये चुंबकातून गेलेल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक अॅरागोनाइट या रूपात अधिक प्रमाणात तयार होत असल्याचे नोंदविले. म्हणजेच काही परिस्थितीत क्षारांच्या स्फटिकीभवनावर परिणाम होऊ शकतो, असे मानण्यास जागा आहे. तथापि क्षाराच्या स्फटिकाचे रूप बदलणे आणि पाण्याचा स्वभाव बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध एका सेकंदाच्या सुमारे लक्ष-कोटीव्या भागात तुटतात व नव्याने जुळतात. नळीतून सेकंदास एक मीटर वेगाने जाणारे पाणी १० सेंटिमीटर लांबीच्या चुंबकाखाली केवळ एक दशांश सेकंद असते. या अल्पकाळात घडलेली रचना ते पाणी तळ्यात दिवसेंदिवस कशी टिकवून ठेवील, याचे समाधानकारक उत्तर भौतिकशास्त्रात मिळत नाही.

४. क्षारांचा प्रदेश आणि सुलभ उपायाची ओढ

असे असूनही सातारा-सांगली परिसरात या कल्पनेला अनुकूल भूमी का लाभावी, याचे उत्तर येथील पाण्याच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहकारी साखर कारखाने व उपसा सिंचन यांमुळे कृष्णाकाठी उसाचे क्षेत्र वाढले. काळ्या जमिनीत पाण्याचा अतिवापर झाला, निचरा अपुरा पडला व वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील अनेक जमिनी क्षारपड वा चोपण झाल्या. दुसरीकडे आटपाडी, जत, कवठे महांकाळ, माण व खटाव या अवर्षणप्रवण तालुक्यांत विंधन विहिरींच्या कठीण, मचूळ पाण्यावर बागा जगवाव्या लागल्या. ठिबक सिंचनाच्या तोट्या क्षारांनी बंद पडणे हा बागायतदारांचा नित्याचा अनुभव झाला.

याच टापूत प्लास्टिकचे अस्तर असलेली शेततळी मोठ्या संख्येने झाली. ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेने २०१६ पासून त्यात भर घातली. द्राक्ष व डाळिंबासाठी साठविलेल्या पाण्यात मासे सोडून जोड उत्पन्न घेण्याचा विचार स्वाभाविक होता. परंतु अस्तराच्या तळ्यात मातीचा तळ नसल्याने माशांचे नैसर्गिक खाद्य कमी तयार होते आणि उन्हाळ्यात पाणी आटू लागले की क्षार व माशांची विष्ठा यांची तीव्रता वाढते. अशा वेळी एकदा बसवावयाचे, वीज न लागणारे व पाणी ‘हलके’ करणारे उपकरण आकर्षक वाटल्यास नवल नाही. ज्याच्यापुढे क्षारांचा प्रश्न खरा असतो, त्यालाच क्षारांवरील सोप्या उपायाचा मोह पडतो.

येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. चुंबकातून पाणी गेल्याने त्यातील क्षारांचे वजन कमी होत नाही. क्षारपड जमिनीवर सिद्ध झालेला उपाय निचऱ्याचा आहे. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी या परिसरात बंदिस्त निचऱ्याचा पुरस्कार केला. मत्स्यशेतीतही असाच मार्ग सापडला आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या हरियाणातील रोहतक केंद्राने भूगर्भातील खाऱ्या पाण्यात कोळंबीसंवर्धनाचे काम केले. अशा पाण्यात समुद्राच्या पाण्याच्या तुलनेने पोटॅशियम कमी असते. ते मोजून भरून काढले की कोळंबी तग धरते. तेथे आधी पाणी मोजले गेले आणि मगच उपाय ठरविण्यात आला.

५. माशांवरील प्रयोग व त्यांची चिकित्सा

चुंबकत्व व मासे यांविषयीच्या संशोधनाचे दोन वेगळे प्रवाह आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिल्या प्रवाहात मासा वा अंडे प्रत्यक्ष चुंबकीय क्षेत्रात ठेवले जाते. पोलंडमधील क्रिस्टॉफ फोर्मिट्स्की व अॅडम विनिट्स्की यांनी माशांचे गर्भ व पिल्ले स्थिर चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतात, असे १९९८ मध्ये मांडले. सजीवावर चुंबकीय क्षेत्राचा थेट परिणाम होणे शक्य आहे. दुसऱ्या प्रवाहात पाणी आधी चुंबकातून नेले जाते व नंतर मासा त्यात वाढविला जातो. पोलंडमध्येच २००४ मध्ये क्शेमिएन्येव्स्की व सहकाऱ्यांनी चुंबकीय क्षेत्राचा पाण्याच्या गुणवत्तेवर व युरोपीय मोठ्या शिंगाळा माशाच्या पिल्लांच्या संगोपनावर होणारा परिणाम तपासला. पुढे अन्य देशांतही बंदिस्त टाक्यांमध्ये असे प्रयोग झाले. पिकांच्या बाबतीत बसंत माहेश्वरी व हर्षरण ग्रेवाल यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात केलेल्या अभ्यासात काही भाज्यांना लाभ दिसला, परंतु तो पीक व पाण्याच्या प्रकारानुसार बदलला.

प्रयोगशाळेतील टाकीवरून शेततळ्यासंबंधी निष्कर्ष काढताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न प्राणवायूचा. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम व ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. कार्प माशांना तो ५ मिलिग्रॅमच्या वर असणे हितावह असते. प्राणवायूचा रेणू चुंबकाकडे किंचित आकर्षिला जातो हे खरे असले, तरी त्यामुळे साध्या चुंबकाने हवेतील प्राणवायू पाण्यात ओढला जात नाही. परंतु चुंबकातून नेण्यासाठी पाणी पंपाने उचलावे लागते व ते उंचावरून तळ्यात पडते. या पडण्यानेच प्राणवायू मिसळतो. दुसऱ्या तळ्यात असा पंप नसेल, तर पंपाचे श्रेय चुंबकाला जाते.

दुसरा प्रश्न तुलनेचा. दोन तळी कधीही सर्वार्थाने सारखी नसतात. सावली, खोली, शेवाळ व बोटुकलीचा आकार यांत फरक असतोच. एका तळ्यावर चुंबक बसवून शेजारच्या एका तळ्याशी तुलना केल्यास दिसणारा फरक तळ्याचा आहे की चुंबकाचा, हे ठरविता येत नाही. प्रत्येक प्रकारची अनेक तळी, सारखाच पंप, सारखीच नळी व तुलनेच्या तळ्यांवर चुंबकत्व नसलेली तशीच दिसणारी खोटी पट्टी, ही किमान अट होय.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. पाणी ‘जिवंत’ वा ‘हलके’ झाले, ही भाषा तपासता येत नाही. सामू, विद्युतवाहकता, कठीणपणा, अमोनिया, पहाटेचा विद्राव्य प्राणवायू, माशांची मरतूक, वजनातील वाढ आणि एक किलो वाढीस लागलेले खाद्य यांची नोंद तपासता येते. पाण्याचा सामू व तापमान वाढले की अमोनियाचा विषारी अंश वाढतो. उन्हाळ्यातील शेततळ्यात ही नोंद जीवनमरणाची ठरते.

६. दोन तंत्रांची तुलना

प्रेरित प्रजनन व चुंबकीय प्रक्रिया ही दोन्ही तंत्रे व्यवहारात साधारण एकाच काळात अवतरली. एक १९५७ मध्ये, दुसरे १९४५ मध्ये. दोहोंना प्रारंभी संशयाने पाहिले गेले. तरीही पहिले तंत्र दोन-तीन दशकांत खेडोपाडीच्या तळ्यांपर्यंत पोहोचले. दुसरे आज सुमारे आठ दशकांनंतरही मुख्यतः जाहिराती व विखुरलेले प्रयोग यांत आहे.

या फरकाची कारणे शोधताना असे दिसते की, प्रेरित प्रजननाचा निकाल निःसंदिग्ध होता. माशाने अंडी घातली किंवा घातली नाहीत, यात मतभेदास वाव नव्हता. त्याची कारणप्रक्रिया शरीरशास्त्राला ज्ञात होती. मात्रा वजनानुसार सांगता येत होती, आणि ओडिशात जमलेली कृती दुसऱ्या राज्यातील साध्या कर्मचाऱ्यालाही पुन्हा करता येत होती. चुंबकीय प्रक्रियेच्या बाबतीत क्षेत्राची तीव्रता, प्रवाहाचा वेग व पाण्यातील क्षार प्रत्येक प्रयोगात वेगळे, कारणप्रक्रिया विवाद्य आणि परिणाम लहान, असे चित्र आहे. एका पाण्यावर आलेला निष्कर्ष दुसऱ्या पाण्यावर येईलच, अशी खात्री देता येत नाही. थोडक्यात, एका तंत्राला पुनरावृत्तीची कसोटी उतरता आली; दुसऱ्याला अद्याप उतरता आलेली नाही.

यावरून चुंबकीय प्रक्रियेचे संशोधन निरर्थक आहे असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. पीयूषिकेचा प्रवासही अपयशातूनच झाला होता. कृष्णाकाठच्या महाविद्यालयांना नदीचे गोड, विंधन विहिरीचे कठीण व क्षारपड भागातील मचूळ असे तिन्ही प्रकारचे पाणी थोड्या अंतरात उपलब्ध आहे. खोट्या पट्टीसह अनेक टाक्यांवर एकच प्रयोग तीन पाण्यांत करणे अल्प खर्चात शक्य आहे. निकाल नकारात्मक आला तरी तो प्रसिद्ध करणे तितकेच उपयुक्त होईल.

निष्कर्ष

१) सातारा व सांगली परिसरातील मत्स्यशेतीचा विकास धरणे, शुद्ध मत्स्यबीज व संमिश्र संवर्धन या पडताळता येणाऱ्या बदलांतून झाला आहे.
२) चुंबकीय प्रक्रियेचा उगम बाष्पकातील क्षारांच्या थराच्या प्रश्नात असून त्या मर्यादित क्षेत्रात तिला काही आधार आहे. माशांच्या वाढीसंबंधीचे दावे त्या आधारापलीकडे जातात.
३) या परिसरात कल्पनेला मिळणारा प्रतिसाद क्षारपड जमीन व कठीण पाणी या वास्तव संकटातून येतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या भोळेपणाकडे बोट दाखविण्याऐवजी त्याला पाणी तपासून मिळण्याची सोय गावाजवळ करणे अधिक उचित होय.
४) मर्यादित भांडवलात शेतकऱ्याने प्रथम पाण्याची तपासणी, खात्रीची बोटुकली, योग्य संख्या व पहाटेच्या वेळी पाणी खेळते ठेवण्याची व्यवस्था यांवर खर्च करावा. चुंबकीय उपकरणाचा विचार तुलनात्मक प्रयोगांचे निकाल हाती आल्यावरच करावा.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. या दर्जाबरोबर शेतीप्रमाणेच मत्स्यशेतीलाही तंत्रे व उपकरणे विकणाऱ्यांची बाजारपेठ वाढणार, हे निश्चित आहे. अशा वेळी साइक्सच्या काळापासून चालत आलेली, पाहणे, मोजणे, नोंदविणे व पुन्हा करून पाहणे, ही परंपराच कृष्णाकाठच्या मत्स्यशेतकऱ्याचे भांडवल वाचवू शकेल.